नजर गेली, पण ‘मला सगळं दिसतंय’: अँटन सिंड्रोमबद्दल घरचे विचारतात ते प्रश्न

ज्यांच्या घरात स्ट्रोकनंतर किंवा मेंदूला दुसरी काही इजा झाल्यावर कोणाची तरी नजर गेली आहे, आणि ज्याची गेली त्यालाच ते मान्य नाही, अशा घरांसाठी हे पान आहे. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवते; मुंबईत मेंदूच्या रुग्णांसोबत काम करते. हे प्रश्न वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर, फोनवर आणि बऱ्याचदा जिन्यात गाठून विचारलेले आहेत. विचारणाऱ्यांच्या भाषेतच ठेवलेत.

बाबांना स्ट्रोक झाला. त्यांना दिसत नाही हे आम्हाला स्वच्छ कळतंय, पण ते म्हणतात, “मला सगळं दिसतंय.” हा काय प्रकार आहे?

याला अँटन सिंड्रोम म्हणतात. काही डॉक्टर अँटन-बाबिन्स्की सिंड्रोम लिहितात, ते वेगळं काही नाही. यात दोन गोष्टी एकदम झालेल्या असतात. मेंदूचा पाहण्याचा भाग निकामी झाल्यामुळे नजर जाते, त्याला कॉर्टिकल अंधत्व म्हणतात. आणि नजर गेल्याचं भानही त्याच तडाख्यात जातं. आपल्याला आजार आहे याचंच भान नसणं, याला वैद्यकात ॲनोसोग्नोशिया असा शब्द आहे. डिस्चार्ज कार्डावर हे शब्द दिसले तर एवढंच समजा की डॉक्टरांनी निदान नीट केलंय.

आजार दुर्मीळ आहे. त्यामुळे “वयामुळे भ्रमिष्ट झालेत” असं म्हणून तो सहज निसटतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले डोळे ठणठणीत आहेत. मग दिसत का नाही?

कारण डोळ्याचं काम अर्ध्या वाटेवर संपतं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पडलेल्या प्रकाशाचा संदेश नसेतून निघतो आणि डोक्याच्या अगदी मागच्या बाजूला, उशीवर टेकतो त्या भागाच्या आत असलेल्या पश्चखंडात पोचतो. इंग्रजी रिपोर्टात त्याला ऑक्सिपिटल लोब म्हटलेलं असतं. पाहणं तिथे घडतं. डावीकडच्या खंडात उजवीकडचं जग, उजवीकडच्यात डावीकडचं. दोन्ही खंड गेले की समोर काही उरत नाही.

घरच्यांना हमखास चकवणारी गोष्ट म्हणजे बाहुली. डोळ्यावर टॉर्च मारला की बाहुली आकसते, आणि सगळे म्हणतात, “बघा, प्रकाश कळतोय!” बाहुली आकसण्याचा संदेश मात्र मागच्या खंडापर्यंत जातच नाही. तो मध्येच मेंदूच्या देठाकडे वळतो. म्हणून पूर्ण अंध झालेल्या या रुग्णांच्या बाहुल्या व्यवस्थित हलतात. पडदा, नस, भिंग, सगळं निरोगी. डोळ्यांचे डॉक्टर खोटं बोललेले नाहीत, या तक्रारीचं ठिकाणच ते तपासतात त्या डोळ्याच्या बरंच मागे, मेंदूत आहे.

पण अंधार झाला तर माणसाला कळणार नाही का?

सगळ्या प्रश्नांतला हा कळीचा, म्हणून इथे जरा थांबते.

आंधळ्याला काळोख दिसतो ही आपली, डोळसांची समजूत आहे. डोळे मिटल्यावर जो काळोख आपल्याला दिसतो, तो पाहायलाही मेंदूचा तो मागचा भाग शाबूत लागतो. आत्ता या क्षणी तुमच्या डोक्यामागे काय दिसतंय? काळं काही नाही, काहीच नाही. आणि ते ‘काहीच नाही’ तुम्हाला दिवसभरात एकदाही खटकत नाही.

अजून एक गोष्ट करून पाहा. दोन्ही हात समोर ताठ धरा, अंगठे वर, एकमेकांना चिकटलेले. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याच्या नखाकडेच टक लावून बघा आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्या. वीतभराच्या थोडं अलीकडे त्याचं टोक गायब होतं. अजून पुढे नेलंत की परत येतं. प्रत्येक डोळ्यात जिथून नस बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत, त्यामुळे नजरेत तेवढं भोक जन्मापासून आहे. पण अंगठा गायब झाला त्या जागी काळा ठिपका दिसला का? तिथे मागची भिंतच दिसली. मेंदूने आजूबाजूचं पाहून ती जागा भरून टाकली आणि तुम्हाला विचारलंही नाही.

पाहणं आणि आपल्याला दिसतंय की नाही हे कळणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. डोळ्याला इजा होऊन दृष्टी जाते तेव्हा दुसरं काम चालू असतं, म्हणून माणूस लगेच ओरडतो, “मला दिसत नाही!” बाबांच्या बाबतीत हे दुसरं कामही बंद पडलंय.

म्हणजे ते मुद्दाम करत नाहीत? हट्टी आहेत हो मुळात.

हट्टी असतील. पण हे त्यातलं नाही. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते ठाऊक असतं, इथे ते ठाऊकच नसतं.

“धक्का बसलाय, मन मानत नाहीये” असंही बरेच जण म्हणतात. तसंही नाही. कॅन्सरचा रिपोर्ट बघून “लॅबवाल्यांनी नावं बदलली असतील” म्हणणारा माणूस आतून हादरलेला असतो, ते त्याच्या तोंडावर दिसतं. अँटनचे रुग्ण बहुतेकदा निवांत असतात. नजरेबद्दल विचारलंत तर थोडे वैतागतात, एवढंच. शिवाय दुसऱ्या व्याधींबद्दल तेच बाबा तासभर तक्रार करतील. गुडघा दुखतो, भाजी अळणी आहे, नर्स लक्ष देत नाही. दुःखापासून मनाला वाचवायचं असतं तर सगळीकडेच वाचवलं असतं.

मग विचारलं की इतकं ठासून सांगतात कसं? काल म्हणाले, “तू हिरवी साडी नेसलीस.” मी पंजाबी ड्रेसमध्ये होते.

मेंदूला रिकामी जागा सोडवत नाही. ऐकू आलेलं, आठवणीतलं, सवयीचं आणि अंदाजाचं असं सगळं मिळून तो एक चित्र उभं करतो, आणि बाबांसाठी तेच पाहणं असतं. याला कॉन्फॅब्युलेशन म्हणतात. साधं सांगायचं तर नकळत रचलेलं उत्तर. तुमच्याकडे पूर्वी हिरवी साडी होती का, आठवून बघा. बहुधा असेल.

गिरगावातल्या एका आजोबांच्या घरी मी गेले होते. टीव्ही बंद होता. शेजारच्या खोलीतून क्रिकेटच्या कॉमेंट्रीचा आवाज येत होता. आजोबा काळ्या पडद्याकडे, खरं तर पडद्याच्या बरंच डावीकडे, भिंतीवरच्या कॅलेंडराकडे तोंड करून मला सांगत होते, “बघा, कसा हळू खेळतोय. पाय हलतच नाहीत त्याचे.” चहा आला. कपाच्या दिशेने हात गेला तो वीतभर चुकून बशीतल्या बिस्किटांवर. “टेबल नीट ठेवत नाहीत हल्ली कोणी,” म्हणाले. टेबल हललेलं नव्हतं, पण चुकीचं खापर फोडायला काहीतरी हवंच होतं. ट्यूब मंद आहे, चष्म्याचा नंबर वाढलाय, लाईट गेली असेल, पडदे कोणी लावले, ही सगळी उत्तरं तुम्हालाही ऐकायला मिळतील.

हे आधी कधी कोणाला झालंय का, की आमच्याच नशिबी?

झालंय, आणि फार पूर्वीपासून. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने पहिल्या शतकात आपल्या मित्राला लिहिलेल्या एका पत्रात घरातल्या हार्पास्ते नावाच्या विदूषक बाईची हकिगत सांगितली आहे. तिची नजर अचानक गेली, पण तिला ते कळेना. सोबतच्या माणसाकडे तिचा लकडा असायचा की या घरात अंधार आहे, दुसरीकडे घेऊन चल. बाबांच्या “ट्यूब लावा रे”चं हे दोन हजार वर्षांपूर्वीचं रूप.

आजाराला नाव मिळालं ते गाब्रिएल अँटन या ऑस्ट्रियन डॉक्टरांवरून. १८९९ साली त्यांनी एका ५६ वर्षांच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंबद्दल लिहिलं. बाईंना दिसत नव्हतं आणि त्याचा त्यांना पत्ताच नव्हता. गंमत अशी की बोलताना शब्द आठवत नाहीत याची मात्र त्यांना चुटपुट लागून राहायची. वर हट्टाबद्दल जे म्हटलं त्याला यापेक्षा चांगला दाखला नाही. ॲनोसोग्नोशिया हा शब्द १९१४ साली पॅरिसमध्ये जोसेफ बाबिन्स्की यांनी आणला. डाव्या अंगावरून वारं गेलेलं असूनही ते न कळणाऱ्या रुग्णांबद्दल ते बोलत होते. तळपाय खरवडून अंगठा वर जातो का ते डॉक्टर पाहतात ना, ती खूणही यांचीच.

होतं कशामुळे?

बहुतेक वेळा स्ट्रोक. मानेतून वर जाणाऱ्या मागच्या दोन रक्तवाहिन्या मेंदूच्या तळाशी एकत्र येऊन एकच बेसिलर रक्तवाहिनी होते, आणि तिला वर पुन्हा दोन फाटे फुटतात. हे दोन फाटे डाव्या-उजव्या पश्चखंडांना रक्त देतात. गुठळी नेमकी फाट्यावर अडकली की एका दणक्यात दोन्ही बाजू बंद. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांमध्ये अशी गुठळी हृदयातून निघून वर जाते. कधी एक बाजू वर्षांपूर्वी कोणाच्या लक्षात न येता गेलेली असते आणि आता दुसरी जाते.

याच फाट्यांमधून आठवणी साठवणाऱ्या भागालाही रक्त मिळतं. त्यामुळे पुष्कळ रुग्णांची नवी आठवण टिकत नाही. सकाळी समजावलेलं दुपारी पुसलेलं असतं, यात त्यांचा दोष नाही.

बाकी कारणं: हृदय बंद पडून मेंदूला प्राणवायू न मिळणं, डोक्याला मार, रक्तदाब एकदम भडकणं, क्वचित अँजिओग्राफीनंतर.

माझ्या बहिणीला बाळंतपणात बीपी वाढून झटके आले आणि दिसेनासं झालं. तिचंही असंच राहणार का?

तिची गोष्ट वेगळी असण्याची शक्यता मोठी आहे. रक्तदाब भडकल्यामुळे मेंदूच्या मागच्या भागाला सूज येते, तिला डॉक्टर ‘प्रेस’ म्हणतात. त्यात पेशी मेलेल्या नसतात, सुजलेल्या असतात. रक्तदाब आटोक्यात आणला, झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट वेळेवर दिलं, तर बहुतेक जणींची नजर काही तासांत ते काही दिवसांत परत येते. मात्र गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर तासभरही वाट पाहायची नाही, मग ती “आता बरं वाटतंय, दिसतंय” म्हणत असली तरीही.

अचानक असं झालं तर पहिलं काय करायचं?

घड्याळ बघायचं. शेवटचं कधी नीट होते ती वेळ लिहून ठेवा, दवाखान्यात पहिला प्रश्न तोच येतो. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. काही रुग्णांमध्ये तारेने गुठळी ओढून काढण्याचा पर्याय त्यानंतरही, २४ तासांपर्यंत, असू शकतो.

मुंबईत होतं काय, तोंड वाकडं नाही, हात-पाय चालतायत, मग “सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ” असं ठरतं आणि रात्र जाते. नजरेचा स्ट्रोक बऱ्याचदा दुखत नाही, आणि अँटनमध्ये तर रुग्ण तक्रारही करत नाही. १०८ला फोन करा किंवा टॅक्सी पकडा, पण जा ते सीटी स्कॅन आणि इमर्जन्सी असलेल्या मोठ्या रुग्णालयात. परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर, भायखळ्याचं जेजे, नाहीतर जवळचं तशी सोय असलेलं खाजगी.

स्वतः तक्रार करत नाहीत तर आम्हाला कळणार कसं?

वागण्यावरून. दाराच्या चौकटीला आपटतात. ताटात हात घालून चाचपतात. बोलणाऱ्याच्या आवाजाच्या दिशेने बघतात, पण नजर चेहऱ्यावर टेकत नाही, कानाशी किंवा खांद्याशी राहते. तुम्ही न बोलता समोर उभे राहिलात तर त्यांना पत्ता नसतो. हात एकदम डोळ्यांपुढे नेला तर पापणी लवत नाही. (वारा लागू देऊ नका, वाऱ्याने लवते.) आणि वर्णनं फार छान पण मोघम करतात.

डॉक्टर काय तपासतात?

मेंदूचा एमआरआय, त्यात ताजा स्ट्रोक दाखवणारा डिफ्यूजनचा भाग. रक्तवाहिन्यांचं चित्र. हृदयाचा ईसीजी आणि इको. उभ्या पट्ट्यांचा फिरता ड्रम डोळ्यांपुढे धरतात; दिसत असेल तर डोळे आपोआप पट्ट्यांमागे धावतात, ते मुद्दाम थांबवणं सोपं नसतं. म्हणून खरंच दिसतंय का हे ठरवायला ती तपासणी चांगली.

नेमकं बिघडतं काय, की भानच जातं?

एकच एक उत्तर नाही, तीन आहेत, आणि एकाच रुग्णात तिन्ही थोडी थोडी खरी असू शकतात. पहिलं, पाहणारा भाग आणि बोलणारा भाग यांच्यातला संपर्क तुटतो. बोलणाऱ्या भागाकडे ‘चित्र आलं नाही’ हा निरोपच पोचत नाही, मग तो मिळेल त्यावरून बोलतो. दुसरं, मनातली चित्रं शाबूत असतात आणि बाहेरून येणारं खरं चित्र त्यांच्याशी ताडून पाहायला उरत नाही. त्यामुळे आठवलेली खोली आणि दिसलेली खोली यांतला फरक पुसला जातो. तिसरं, स्मरणाचा घोटाळा: दिसत नसल्याचा अनुभव क्षणभर येतोही, पण टिकत नाही. मला स्वतःला दुसरं स्पष्टीकरण सर्वांत पटतं, कारण रुग्णांची वर्णनं बहुतेकदा त्यांच्याच घराची, त्यांच्याच माणसांची असतात.

आमच्या आजीला मोतीबिंदूनंतर भिंतीवर फुलं, लहान मुलं दिसतात. हेच का?

नाही. तो शार्ल बोने सिंड्रोम. त्यात नजर कमी झालेली असते, भास होतात, पण आजीला माहीत असतं की हे खरं नाही. अँटनच्या बरोब्बर उलट म्हणायचं तर ‘ब्लाइंडसाइट’. त्यात रुग्ण “मला काहीच दिसत नाही” म्हणतो, पण अंदाज करायला सांगितलं तर दिव्याची जागा बोटाने बरोबर दाखवतो. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये लॉरेन्स वाइस्क्रान्ट्झ यांनी यावर काम केलं.

आईला फक्त डाव्या बाजूचं दिसत नाही, आणि तीही मान्य करत नाही.

हे अँटनपेक्षा कितीतरी जास्त आढळतं आणि त्याकडे कितीतरी कमी लक्ष जातं. एकाच खंडाला स्ट्रोक झाला की एका बाजूचं अर्धं जग जातं. ताटातल्या डाव्या बाजूची कोशिंबीर तशीच राहते, रस्ता ओलांडताना डावीकडून येणारी रिक्षा कळत नाही. आईला वाटतं आपलं ताट संपलं. ताट फिरवून द्या. चालताना डाव्या बाजूला तुम्ही राहा. आणि थेरपीला नक्की न्या, डावीकडे मुद्दाम मान वळवून शोधण्याची सवय लावता येते.

चष्मा बदलून, ऑपरेशन करून, कोणाचे डोळे बसवून काही होईल?

नाही. नेत्रदानातून बुबुळ मिळतं, मेंदू मिळत नाही.

गावाकडचे म्हणतात बाहेरचं आहे, उतारा करा.

एमआरआयच्या आधी नको. नंतर तुमची मर्जी.

नजर परत येते का?

कारणावर आहे. सूज असेल तर आशा चांगली. स्ट्रोकने पेशी मेल्या असतील तर जे काही परतायचं ते मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत परततं, नंतर वेग मंदावतो. बऱ्याचदा आधी उजेड आणि हालचाल जाणवू लागते, आकार आणि बारकावे नंतर. पूर्ण नजर परत येणं, दोन्ही खंडांना मोठी इजा असताना, कमी जणांच्या वाट्याला येतं.

भान परत येण्याची गोष्ट निराळी. नजर न येताही ते येऊ शकतं, काहींना दिवसांत, काहींना आठवड्यांत. एका दमात येत नाही. सोमवारी “जरा अंधुक आहे” म्हणतील, मंगळवारी पुन्हा सगळं लख्ख.

त्यांना खरं सांगायचं की नाही? घरात यावरून रोज भांडण होतं.

एकदा शांतपणे, डॉक्टरांच्या तोंडून, सांगायचं. मग वाद बंद. दिवसातून दहा वेळा सिद्ध करून दाखवायला जाल तर हाती लागेल ती त्यांची चिडचिड. मेंदूतला जो भाग पुरावा मानणार तोच जागेवर नाही.

सर्वांत वाईट प्रकार मी पाहते तो पाहुण्यांसमोरच्या परीक्षेचा. आत्या येते, फोनमधला फोटो पुढे धरते, “सांग बरं दादा, हे कोण?” दादा काहीतरी सांगतात, सगळे एकमेकांकडे बघतात, कोणीतरी फिस्सकन हसतं. हसणं त्यांना ऐकू येतं. किती बोटं, कुठला रंग, हे घरात कोणीही विचारायचं नाही. ते काम आमचं आहे.

पण “हो हो, दिसतंय तुम्हाला” असंही म्हणू नका. मधला मार्ग आहे. वाद नजरेवरून काढून कामावर न्या. “बाबा, तुम्हाला दिसत नाही, बसा” याऐवजी “बाबा, डॉक्टरांनी महिनाभर हात धरूनच चालायला सांगितलंय.” ते पटतं, कारण त्यात त्यांना काही कबूल करावं लागत नाही. खोलीत शिरताना बोला: “मी धाकटी, तुमच्या उजव्या हाताला उभी आहे.” कप देताना त्यांचा हात धरून कपाच्या कानाला लावा. जेवणात सांगा, भात पुढ्यात, भाजी डावीकडे, आमटीची वाटी गरम आहे.

थेरपीत आम्ही अजून एक करतो. काम आधी विचारतो, मग करू देतो. “हे मोजे जोड्या लावून ठेवाल? किती वेळ लागेल?” ते म्हणतात दोन मिनिटं. करायला घेतात, अडखळतात, स्वतःच थांबतात. तेव्हा मी काही बोलत नाही. मग त्यांनी स्पर्शाने पोत ओळखून जोडी लावली की म्हणते, “हाताने छान जमलं.” स्वतःच्या अनुभवातून जेवढं कळतं तेवढं टिकतं. घरी हे करायचं तर धोका नसलेल्या कामांतच, आणि थेरपिस्टला विचारून.

आमची चाळीतली एकच खोली आहे. घर कसं लावायचं?

आधी धोका समजून घ्या. इतर अंध माणूस चाचपत, जपून उठतो. अँटनचा रुग्ण दिसतंय या भरवशावर सरळ ताडकन उठतो आणि चालू लागतो. म्हणून तो जास्त पडतो.

एकच खोली असणं उलट बरं, चार पावलांत भिंत सापडते. पलंग भिंतीला लावा. पलंगापासून मोरीपर्यंतची एक वाट कायमची मोकळी, तिथे चपला, बादली, नातवंडाची सायकल काही नको. मोरीच्या उंबऱ्यावर बोटाला कळेल अशी खरखरीत पट्टी चिकटवा. वस्तूंच्या जागा बदलू नका, दिवाळीच्या साफसफाईतही नाही. काम झालं की गॅस रेग्युलेटरपाशी बंद. सुरी, विळी, इस्त्री वर. संडास गॅलरीच्या टोकाला असेल तर रात्री पॉट किंवा कमोड खुर्ची, लाज बाजूला ठेवून. गॅलरीचा कठडा कमरेच्या खाली असेल तर एकटं सोडायचंच नाही, आणि हे शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. चाळीत एवढा फायदा आहे, कोणी ना कोणी दारात असतंच.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर ग्रिल नसलेली खिडकी, बाल्कनी आणि जाळीच्या दरवाजाची जुनी लिफ्ट, या तिघींची आधी सोय लावा. मुख्य दाराला वरची कडी.

म्हणतात, “मी आपला खाली जाऊन पेपर घेऊन येतो.” अडवलं की आरडाओरडा.

सोबत जा. “मलाही कोथिंबीर आणायचीय.” त्यांचा हात तुमच्या कोपराच्या वर, तुम्ही अर्धं पाऊल पुढे. त्यांना मागून ढकलत नेऊ नका. लोकलने न्यायचं तर गर्दीची वेळ टाळून, दिव्यांगांच्या डब्यातून, आणि फलाट व डब्यामधली फट आली की थांबून, “आता मोठं पाऊल” असं मोठ्याने सांगून. स्कूटरची किल्ली मात्र आजच लपवा, त्यावर तडजोड नाही.

कागदपत्रांवर सह्या करायला मागतात. करू द्याव्या?

वाचून दाखवल्याशिवाय एकही नको, आणि वाचून दाखवताना घरातलं दुसरं माणूस हजर हवं. स्मरणशक्तीही गेली असेल तर मोठे व्यवहार थांबवा आणि वकिलांना विचारा. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेण्याची धावपळ नको, केंद्र सरकारच्या ‘जीवन प्रमाण’ ॲपवर तो चेहरा ओळखून घरूनही देता येतो.

भान आलं आणि आता ते दिवसभर रडतात. आधीच बरे होते असं वाटतं.

असं वाटणं साहजिक आहे, आणि घरात ते कोणी मोठ्याने बोलत नाही. आतापर्यंत तुम्ही एकटे शोक करत होता, आता ते तुमच्यात आलेत. स्ट्रोकनंतर नैराश्य तसंही पुष्कळांना येतं. झोप उडाली, जेवण तुटलं, “मला कशाला वाचवलंत” अशी भाषा सुरू झाली, तर मानसोपचारतज्ज्ञांना लगेच भेटा, गोळ्यांनी फरक पडतो.

पण खरं शिकणंही आताच सुरू होतं. दिसत नाही हे मान्य नसलेल्या माणसाला पांढरी काठी देता येत नाही, तो ती कोपऱ्यात ठेवतो. आता देता येईल. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था ही केंद्र सरकारची आहे, तिथे स्ट्रोकनंतरचं पुनर्वसन होतं. वरळीची नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) १९५२ पासून अंध व्यक्तींसाठी काम करते. फोन बोलता करून घ्या, पेपर ऐकता येतो.

अंधत्वाचा दाखला मिळेल का? डोळे तर नॉर्मल आहेत.

मिळू शकतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये अंधत्व ठरतं ते किती दिसतं त्यावरून: चांगल्या डोळ्याने, चष्मा लावूनही, ३/६० पेक्षा कमी (निरोगी नजरेला ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरूनही न दिसणं), किंवा नजरेचा पल्ला १० अंशांपेक्षा कमी. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी किंवा पालिका रुग्णालयात तपासणी. तिथे अडचण हमखास येते ती ही, की टेबलापलीकडचे डॉक्टर डोळ्यात बघतात, सगळं निरोगी दिसतं, आणि समोर बसलेले बाबा हसून सांगतात, “मला व्यवस्थित दिसतं साहेब.” म्हणून एमआरआयचा रिपोर्ट, न्यूरॉलॉजिस्टचं ‘कॉर्टिकल अंधत्व’ आणि ‘ॲनोसोग्नोशिया’ असं स्पष्ट लिहिलेलं पत्र, आणि डिस्चार्ज कार्ड, तिन्ही फाईलमध्ये सर्वांत वर ठेवा. बाबांनी तोंड उघडायच्या आधी फाईल टेबलावर पोचली पाहिजे.